ई-स्पोर्ट्सचा सामना बघायचा कसा? तयारीपासून निकालापर्यंत

स्वतः कधी स्पर्धात्मक व्हिडिओ गेम न खेळलेल्या बऱ्याच लोकांना मी सामने बघायला बसवलं आहे. जवळजवळ सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडतं. कुठल्यातरी मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत लावायची, स्क्रीनवर जिथे गोळीबार चालला असेल तिथे डोळे लावायचे आणि वीस मिनिटांनी "काही कळत नाही बुवा" म्हणून बंद करायचं. गेम अवघड असतो म्हणून असं होत नाही. बघण्याचा क्रम उलटा असतो म्हणून होतं. चकमक दोन सेकंदांत आटपते, पण ती कोण जिंकणार हे बऱ्याचदा आधीच्या अर्ध्या मिनिटात ठरलेलं असतं: कोणाकडे पैसे होते, कोण नकाशावर कुठे उभं होतं, कोणाकडे काय शिल्लक होतं. नवा प्रेक्षक नेमकं तेच बघत नाही.

खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत, त्याच क्रमाने करा. मुख्य उदाहरण काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या गेमचं घेतलं आहे, कारण त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. बाकीच्या प्रकारांसाठी काय बदलायचं ते आठव्या टप्प्यात आहे.

## टप्पा १: एकच गेम निवडा

"ई-स्पोर्ट्स बघायला सुरुवात करतो" असं म्हणणं म्हणजे "मैदानी खेळ बघायला सुरुवात करतो" असं म्हणण्यासारखं आहे. कबड्डी कळली म्हणून क्रिकेट कळत नाही. इथेही तसंच.

पूर्ण कोऱ्या पाटीने येणाऱ्यासाठी सोपं ते अवघड असा माझा क्रम असा:

१. फायटिंग गेम, म्हणजे स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८. दोन माणसं, एक स्क्रीन, वर दोन आरोग्यपट्ट्या. कोण हरतंय हे लहान मूलही सांगेल.

२. टॅक्टिकल शूटर, म्हणजे काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट. पाच विरुद्ध पाच, छोटे छोटे राउंड. प्रत्येक राउंडनंतर श्वास घ्यायला वेळ मिळतो.

३. मोबा, म्हणजे लीग ऑफ लेजंड्स किंवा डोटा २. पाच-पाचांच्या दोन टीम एकमेकींचा तळ पाडायला झटतात. दोन्हींत शंभराहून जास्त पात्रं आणि प्रत्येकाच्या वेगळ्या शक्ती. तयारी सर्वांत जास्त इथेच लागते.

४. बॅटल रॉयल, म्हणजे पबजी मोबाइल, बीजीएमआय (त्याचीच भारतातली आवृत्ती), फ्री फायर. सगळ्या टीम एकमेकींशी लढतात आणि शेवटी एकच उरते. हे शेवटी ठेवलं की लोक वाद घालतात, कारण हे गेम त्यांनी स्वतः फोनवर खेळलेले असतात. पण खेळणं आणि बघणं वेगळं. एकाच वेळी बारा-सोळा टीम नकाशाभर पसरलेल्या असतात आणि कॅमेरा एकाच ठिकाणी असतो.

एक गेम ठरवला की निदान दहा सामने दुसऱ्याकडे वळू नका.

## टप्पा २: नियम हाताने शिका

नियम वाचून अर्धेच कळतात. निवडलेला गेम फुकट खेळता येत असेल, आणि वर दिलेल्यांपैकी बरेचसे तसे आहेत, तर संगणकाच्या खेळाडूंविरुद्ध दोन-तीन सामने खेळा. हराल, हरकत नाही. बंदुकीचा धक्का किती बसतो, नकाशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागतो, धूर पसरला की किती आंधळं व्हायला होतं, एवढंच अंगाला कळायला हवं. विकत घ्यावा लागणारा गेम असेल तर एखाद्या खेळाडूच्या स्वतःच्या नजरेतून चित्रित झालेला पूर्ण सामना बघा. त्यानेही निम्मं काम होतं.

काउंटर-स्ट्राइक २ चा पाया एवढाच:

- एक टीम हल्ला करते, दुसरी बचाव. हल्लेखोरांनी दोन ठरलेल्या जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायचा असतो.
- राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा. बॉम्ब लागला की ४० सेकंदांत फुटतो.
- तो निकामी करायला १० सेकंद लागतात. बचावाच्या खेळाडूने किट विकत घेतलं असेल तर ५.
- राउंडमध्ये मेलेला खेळाडू त्या राउंडपुरता बाद.
- १२ राउंड झाले की बाजू बदलतात. १३ राउंड आधी जिंकेल तो मॅप (एका नकाशावरचा डाव) जिंकतो. १२-१२ झालं तर जादा राउंड.

इशारा: जुनी माहिती वाचू नका. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काउंटर-स्ट्राइक २ येईपर्यंत १६ राउंड जिंकावे लागायचे आणि बाजू १५ राउंडनंतर बदलायच्या. इंटरनेटवरचे कितीतरी लेख अजून तेच सांगतात. ११-४ ची आघाडी तेव्हा आणि आता सारखी नाही. आता ती बाजू जिंकण्यापासून फक्त दोन राउंड दूर आहे.

तपासा: कागद न बघता तीन प्रश्नांची उत्तरं द्या. बॉम्ब फुटायला ७ सेकंद उरलेत आणि बचावाच्या एकमेव खेळाडूकडे किट नाही, तर काय होईल? वेळ संपली आणि बॉम्ब लागलाच नाही, तर राउंड कोणाचा? १२ राउंडनंतर गुण ७-५ असतील तर पुढे कोण हल्ला करणार? अडखळलात तर अजून एक सराव सामना खेळा.

## टप्पा ३: सामना आणि वेळ ठरवा

पहिला सामना अंतिम फेरीचा निवडू नका. तिथे सूत्रसंचालन, चित्रफिती, खेळाडूंच्या प्रवेशाचा थाट असं नमनालाच घडाभर तेल जातं आणि समालोचकही जाणत्या प्रेक्षकांसाठी बोलतात. मधल्या फेरीचा, तीनपैकी दोन मॅप जिंकण्याचा सामना घ्या. एका मॅपचा सामना नको, कारण तुम्हाला सूर सापडेपर्यंत तो संपलेला असतो. पाचपैकी तीनचा सामना पहिल्या खेपेला झेपत नाही.

स्पर्धेचा आराखडा आधी बघून ठेवा. तीन पद्धती पुन्हा पुन्हा भेटतील:

स्विस: प्रत्येक फेरीत सारखी कामगिरी असलेल्या टीम एकमेकींशी भिडतात. सामान्यतः तीन विजय झाले की पुढे, तीन पराभव झाले की घरी. म्हणजे २-२ वर असलेल्या दोन टीमचा सामना हा खरा जीवनमरणाचा. नवख्यांना मी हाच सुचवतो.

डबल एलिमिनेशन: एकदा हरलं की खालच्या फळीत, दुसऱ्यांदा हरलं की बाहेर. फायटिंग गेममध्ये याची एक गंमत आहे. अंतिम लढतीत खालच्या फळीतून आलेला खेळाडू जिंकला, तर दोघांच्या नावावर एकेकच पराभव असतो, म्हणून लढत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे माहीत नसलेला प्रेक्षक टाळ्या वाजवून उठतो आणि खरी अंतिम लढत त्याच्या पाठीमागे सुरू होते.

गट आणि बाद फेरी: ही सगळ्यांना माहीत आहे.

आता वेळ. इथे जाणतेही फसतात. स्पर्धांच्या वेळा बऱ्याचदा यजमान शहराच्या वेळेत दिलेल्या असतात आणि युरोपातली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास सरकतात. डोक्यात हिशेब करू नका. लिक्विपीडियासारख्या संकेतस्थळावर वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे दिसते, ती घ्या. शिवाय दिवसाच्या पहिल्या सामन्याची वेळच तेवढी भरवशाची. तिसऱ्या सामन्यासमोर लिहिलेली वेळ म्हणजे "याआधी नाही" एवढाच तिचा अर्थ. आधीचे दोन सामने लांबले की तो दोन-दोन तास मागे जातो. मी एकदा एका सामन्यासाठी पहाटे उठून तीन तास जाहिराती बघितल्या आहेत.

इशारा: सामना नंतर बघणार असाल तर चित्रफितीची लांबी बघू नका. तीन मॅपच्या सामन्याची फीत दीड तासाची असेल तर २-० झालं हे न बघताच कळतं. फितीवरचं चित्रही निकाल फोडतं. काही संकेतस्थळांवर निकाल झाकून दुवे देण्याची सोय असते, ती वापरा.

## टप्पा ४: स्क्रीन लावा

१. अधिकृत स्ट्रीम स्पर्धेच्या पानावरून उघडा, शोधपेटीतून नाही. मोठ्या स्पर्धांच्या काळात यूट्यूबवर जुन्या सामन्यांची फीत "थेट" म्हणून चालवणाऱ्या बनावट वाहिन्या उगवतात. बाजूला एक क्यूआर कोड असतो: लॉग इन करा, फुकट स्किन (गेममधल्या बंदुकांची सजावट) मिळवा. कोड स्कॅन करून लॉग इन केलं की खातं गेलं. अधिकृत स्ट्रीमवर कोणी बक्षीस देऊ केलं तरी स्ट्रीमवरच्या कोडवरून लॉग इन करू नका.

२. नेट धिमं असेल तर रेझोल्यूशन कमी करा, पण सेकंदाला ६० फ्रेमचा पर्याय सोडू नका. ७२०पी आणि ६० फ्रेम हे १०८०पी आणि ३० फ्रेमपेक्षा शूटरसाठी चांगलं. झटकन वळणारा कॅमेरा ३० फ्रेममध्ये चिखल होतो. अपवाद मोबाचा: तिथे आकडे आणि चिन्हं बारीक असतात, म्हणून रेझोल्यूशन महत्त्वाचं.

३. चॅट बंद करा. निदान पहिले पाच सामने. ती वेगाने धावते, नजर ओढून घेते आणि तुमचं चित्र काही सेकंद मागे असेल तर पुढचं आधीच सांगून टाकते.

४. प्रसिद्ध स्ट्रीमर आपापल्या वाहिनीवरून त्याच सामन्यावर बोलत असतात. ते मजेदार असतं, पण सुरुवात अधिकृत समालोचनाने करा. तिथे सहसा दोघं असतात: एक घडतंय ते वेगाने सांगतो, दुसरा राउंड संपला की का घडलं ते उलगडतो. तुम्हाला दुसऱ्याचे शब्द हवे आहेत.

५. फोनवर बघत असाल तर आडवा धरा आणि चित्र पूर्ण पसरा. उभ्या फोनवर स्क्रीनच्या कोपऱ्यातला लहान नकाशा दिसतच नाही आणि तो नसेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.

थेट प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात, कारण खेळाडूला कोणी स्ट्रीम बघून माहिती पुरवू नये. घरून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन सामन्यांत हा उशीर काही मिनिटांचा असू शकतो. तेव्हा मित्राला "आत्ता बघितलंस का?" असा संदेश पाठवण्याआधी त्याचं स्ट्रीम कुठे आहे ते विचारा.

## टप्पा ५: सामन्याआधीची पंधरा मिनिटं सोडू नका

अनेक जण पहिली गोळी सुटल्यावर येतात. तोवर बरंच ठरलेलं असतं.

काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धांत एका वेळी सात मॅप वापरात असतात. तीन मॅपच्या सामन्यात सामान्यतः दोन्ही टीम आधी एकेक मॅप बाद करतात, मग एकेक निवडतात, पुन्हा एकेक बाद करतात आणि उरलेला सातवा मॅप निर्णायक. मॅप निवडणारी टीम ओळखीच्या अंगणात खेळते, पण सुरुवात हल्ल्याने करायची की बचावाने हे तिथे समोरची टीम ठरवते.

कागदावर तीन ओळी लिहा: कोणता मॅप कोणाची निवड, कोण कुठल्या बाजूने सुरू करणार, आणि पूर्वार्धात किती राउंड पुरे. तिसरी ओळ लोक कधीच लिहीत नाहीत. काही मॅपवर बचाव सोपा असतो, काहींवर हल्ला. अवघड बाजूने ५-७ असा पूर्वार्ध संपवणारी टीम गुणांत मागे असूनही खुशीत असू शकते. विश्लेषक हे सामन्याआधी बोलतात. तुम्ही तेव्हा चहा टाकायला गेलेले असता.

## टप्पा ६: राउंड बघायचा क्रम

हा या लेखाचा गाभा आहे, इथे घाई करू नका. पहिल्या मॅपवर पुढच्या पाच गोष्टी एकदम जमणार नाहीत. पहिले सहा राउंड फक्त "अ" करा, पुढचे सहा "अ" आणि "आ", असं वाढवत न्या.

अ. राउंड सुरू होताना: पैसे. दोन्ही कडांना पाच-पाच खेळाडूंची यादी असते, त्यात पैसे आणि शस्त्रं दिसतात. राउंडमध्ये मेलेल्याला बंदुका, चिलखत, धूर, सगळं पुन्हा विकत घ्यावं लागतं. सामना ८०० डॉलरने सुरू होतो, ते अर्थात गेममधले. हल्लेखोराची एके-४७ २७०० ची, शिरस्त्राणासह चिलखत १००० चं. धूर ३००, डोळे दिपवणारा गोळा २००, आगीची बाटली ४००. म्हणजे नीट सज्ज व्हायला साधारण ४६०० हवेत. दुरून एका गोळीत लोळवणारी एडब्ल्यूपी एकटीच ४७५० ची.

राउंड जिंकला तर प्रत्येकाला ३२५० किंवा ३५००. हरला तरी पैसे मिळतात आणि लागोपाठ हरत गेलं की वाढतात: १४००, १९००, २४००, २९००, ३४००. इथून पुढे खरी मजा आहे.

समजा एका खेळाडूकडे १९०० आहेत आणि हा राउंड हरला तर २९०० मिळणार आहेत. त्याने आत्ता काहीच घेतलं नाही आणि राउंड सोडला, तर पुढच्या राउंडला ४८०० हातात: पूर्ण सज्जता. त्याने १८०० उडवून अर्धवट सामान घेतलं आणि तरीही हरला, तर हातात ३०००. म्हणजे पुढचाही राउंड लंगडाच. हातचं राखायचं की सगळं पणाला लावायचं, हा प्रश्न पाच जणांना मिळून दर वेळी पडतो. "हे नुसते पिस्तुलं घेऊन काय धावताहेत?" असं तुम्हाला वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा ते पुढच्या राउंडची बचत करत असतात.

उलट, बचत करणाऱ्या टीमने राउंड चोरला तर प्रेक्षागृह का उसळतं तेही आता कळेल. गुण एकच मिळतो, पण समोरच्याच्या पाच महागड्या बंदुका जातात.

आ. पहिली तीस सेकंदं: लहान नकाशा. मोठ्या चित्राकडे बघू नका. लहान नकाशावर ठिपके मोजा. बचावाचे किती एकीकडे, किती दुसरीकडे? हल्लेखोर एकत्र आहेत की पसरलेले? कोणी एकटाच दूर उभा असेल तर त्याचं काम बहुधा मागून येणाऱ्याला अडवणं किंवा समोरच्याला दोन जागी गुंतवून ठेवणं.

इ. मधला काळ: सामान. कोणाकडे किती धूर आणि किती दिपवणारे गोळे उरलेत? बचावाने ते वेळेआधी संपवले, तर शेवटच्या तीस सेकंदांत हल्लेखोर सावकाश चालत येऊनही जागा घेतात. समालोचक "यांच्याकडे आता काही उरलं नाही" म्हणाला की कान टवकारा.

ई. पहिला बळी. कोण मेलं एवढंच बघू नका. त्याचा बदला लगेच घेतला गेला का? एक गेला आणि दोन सेकंदांत त्याला मारणारा टिपला गेला, तर चार विरुद्ध चार, हिशेब जवळपास तिथेच. बदला मिळाला नाही तर मेलेला एकटाच पुढे गेला होता, आणि तेच पुन्हा पुन्हा होत असेल तर त्या टीमचं काहीतरी बिनसलं आहे.

उ. बॉम्ब लागल्यावर: घड्याळ. आता बचावाला यावंच लागतं. १० सेकंदांच्या आत किट नसलेला निरुपयोगी, ५ च्या आत सगळेच. म्हणून तुम्हाला वाटतं तितक्या लवकर हल्लेखोर पुढे येत नाहीत. ते कोपऱ्यात बसून सेकंद खातात.

इशारा: दोन विरुद्ध पाच अशा स्थितीत उरलेले दोघं पळून जाऊन लपले की नवे प्रेक्षक त्यांना भित्रे म्हणतात. राउंड गेलाच आहे. हातातली बंदूक पुढच्या राउंडला न्यायची आहे. मात्र हल्लेखोरांसाठी यात मेख आहे: बॉम्ब न लावता वेळ संपली, तर जिवंत उरलेल्या हल्लेखोराला हरल्याचे पैसे मिळत नाहीत. बंदूक वाचते, रोकड जाते.

तपासा: सहा राउंडनंतर फीत थांबवा, किंवा थेट असेल तर आवाज बंद करा, आणि पुढच्या राउंडला दोन्ही टीम काय विकत घेतील ते मोठ्याने सांगा. तीनपैकी दोनदा बरोबर आलात की पुढे जा.

## टप्पा ७: तुम्हाला दिसतं ते खेळाडूला दिसत नाही

प्रक्षेपणात भिंतीपलीकडचे खेळाडू रंगीत आकृत्यांनी दाखवतात. तुम्हाला दहाही जण दिसतात. खेळाडूला फक्त समोरचं दिसतं आणि कानावर पावलांचे आवाज येतात. "अरे, कोपऱ्यात आहे तो, बघ की!" असं ओरडून मीही घरच्यांची झोप मोडली आहे. पत्ते उघडे टाकून खेळ बघणाऱ्याने खेळणाऱ्याला शहाणपण शिकवण्यातला हा प्रकार.

यावर एक व्यायाम आहे. शंका आलेला राउंड नंतर त्या खेळाडूच्या नजरेतून पुन्हा बघा. बरेच सामने असे उपलब्ध असतात. त्याला कुठून आवाज आला होता, मित्राने कुठली बाजू मोकळी सांगितली असेल, हे लक्षात घेऊन मत बनवा. निम्म्या "चुका" गळून पडतात. उरलेल्या निम्म्या खरोखरच चुका असतात, त्यांच्यावर खुशाल बोला.

कॅमेरा कुठे न्यायचा हे ठरवणारा माणूसही असतो, त्याला ऑब्झर्वर म्हणतात. दोन ठिकाणी एकदम चकमक झाली की त्याला एक सोडावी लागते. लहान नकाशावर नजर असेल तर हुकलेली चकमकही तुम्हाला कळते.

## टप्पा ८: दुसरा प्रकार बघत असाल तर

व्हॅलोरंट. वरचं जवळपास सगळं लागू. १३ राउंड, पैसे, दोन बाजू. फरक आकड्यांचा आणि शक्तींचा. राउंड १०० सेकंदांचा, बॉम्बऐवजी स्पाइक, ती ४५ सेकंदांत फुटते आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. १२-१२ झाल्यावर दोन राउंडची आघाडी लागते. पैशांसोबत प्रत्येकाची सर्वांत मोठी शक्ती तयार आहे का तेही बघा. पैसे नसलेली टीम तीन मोठ्या शक्ती हाताशी असेल तर मुळीच गरीब नसते.

मोबा. इथे तयारीचा वेळ दुप्पट धरा. सामन्याआधी पात्रं निवडण्याची फेरी पूर्ण बघा. लीग ऑफ लेजंड्समध्ये प्रत्येक टीम पाच पात्रं बाद करते आणि पाच निवडते. २०२५ पासून मोठ्या स्पर्धांत आधीच्या गेममध्ये वापरलेलं पात्र त्या मालिकेत पुन्हा घेता येत नाही. म्हणून पाचव्या गेममध्ये विचित्र निवडी दिसतात, त्याला वेडेपणा समजू नका.

खेळात बळींचा आकडा फसवा असतो. दोन्ही टीमच्या सोन्यातला (म्हणजे तिथल्या पैशांतला) फरक, पडलेले टॉवर आणि ड्रॅगन बघा. एका टीमने चार ड्रॅगन घेतले की तिला कायमचं बळ मिळतं आणि पुढे येणारा एल्डर ड्रॅगन सामना उलटवू शकतो. तो यायच्या एक मिनिट आधी कोण त्या जागेभोवती वॉर्ड (अंधारातला भाग दाखवणारी साधनं) लावतंय, ते बघा. लढाई तिथेच ठरते. डोटा २ मध्ये तेच काम रोशन नावाचा राक्षस करतो. त्याला मारणाऱ्याला एजिस मिळतं, म्हणजे पाच मिनिटांत मेला तर एकदा पुन्हा उठण्याची मुभा. शिवाय डोटात मेलेला नायक सोनं मोजून लगेच परत येऊ शकतो. ही सोय कोणाकडे शिल्लक आहे हे न बघता "संपला सामना" म्हणू नका. मी तीनदा म्हटलं आहे, तीनदा तोंडावर पडलो.

बॅटल रॉयल. चकमकी विसरा, गुणतक्ता उघडा ठेवा. पबजी मोबाइलच्या मोठ्या स्पर्धांत सोळा टीम, चौसष्ट खेळाडू. क्रमांकाचे गुण १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक बळीचा एक. म्हणजे सात बळी घेऊन नववी आलेली टीम एकही बळी न घेता दुसऱ्या आलेल्या टीमपेक्षा पुढे. फ्री फायरमध्ये सहसा बारा टीम आणि पहिल्याला १२, दुसऱ्याला ९. तक्ता स्पर्धेनुसार बदलतो, म्हणून आधी वाचा. एक टीम निवडा आणि प्रत्येक नवं वर्तुळ (दर वेळी लहान होणारी सुरक्षित जागा) आलं की एवढंच विचारा: ती आत आहे का, आणि नसेल तर तिच्या वाटेत कोण बसलंय?

फायटिंग गेम. आरोग्यपट्टीखालची दुसरी पट्टी बघा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ती ड्राइव्हची. रिकामी झाली की खेळाडू काही काळ दुबळा होतो आणि समोरचा त्याला भिंतीकडे ढकलू लागतो. ज्याचं आरोग्य जास्त पण ड्राइव्ह संपलेलं, तो संकटात आहे.

## टप्पा ९: सामना संपल्यावर

गुणफलक येतो आणि सगळे सर्वांत जास्त बळी घेणाऱ्याचं नाव घेतात. थोडं थांबा. काउंटर-स्ट्राइकमध्ये टीमचे डावपेच ठरवणारा खेळाडू बऱ्याचदा फलकाच्या तळाशी असतो. इतरांसाठी दार उघडायला आधी घुसणारा मरतोही जास्त. बळींच्या जोडीला दर राउंडला सरासरी किती नुकसान केलं तो आकडा बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बळी कुठल्या राउंडमध्ये आले. पिस्तूलधारी तिघांना एके-४७ ने टिपणं आणि १२-११ वर एकट्याने तिघांना अडवणं, फलकावर सारखंच दिसतं.

मग एकच राउंड निवडा. ज्यानंतर सामन्याचा तोल बदलला असं तुम्हाला वाटतं तो. तीन वेळा बघा: पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त लहान नकाशा, दुसऱ्यांदा फक्त पैसे आणि सामान, तिसऱ्यांदा समालोचनासह नेहमीसारखा. दहा मिनिटं लागतात. विश्लेषकाचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं जुळलं नाही तर लगेच स्वतःला चूक ठरवू नका, त्यालाही राउंड एकदाच दिसलेला असतो.

इशारा: स्कोअरच्या शेजारी सट्ट्याचे भाव झळकतात आणि दोन सामने कळले की हात शिवशिवतात. तिकडे जाऊ नका. अल्पवयीन मुलं सोबत बघत असतील तर त्या जाहिरातींबद्दल आधीच बोलून ठेवा.

प्रत्यक्ष प्रेक्षागृहात जाण्याची संधी मिळाली तर वरचे टप्पे घरी किमान दहा सामने करून मग जा. तिथे फीत थांबवता येत नाही, समालोचन गर्दीत बुडतं आणि मोठ्या पडद्यावरचा लहान नकाशा बाजूच्या खुर्चीवरून तिरपा दिसतो. मंचाच्या अगदी समोरची जागा महाग असली तरी घेऊ नका. तिथून खेळाडूंचे चेहरे दिसतात, पण पडद्यासाठी मान मोडते. थोडी मागची, मधली, जरा उंचावरची जागा घ्या. कानात घालायचे बोळे न्या. आणि लपलेल्या खेळाडूची जागा ओरडून सांगू नका. खेळाडूंच्या कानावर हेडफोन असले तरी हजारो लोकांचा गलका त्यातून पोहोचतो आणि आयोजक त्यासाठी प्रेक्षकाला बाहेर काढू शकतात.